रक्ताला रंग देणारा डॉक्टर

सीबीसी ही रक्ततपासणी आयुष्यात एकदाही केलेली नाही, असा माणूस आता शहरात शोधूनच काढावा लागेल. ताप चार दिवस उतरला नाही, शस्त्रक्रिया ठरली, विम्याचा अर्ज भरायचा आहे. कारण काहीही असो, सकाळी रक्त देऊन यायचे आणि संध्याकाळी मोबाइलवर अहवाल पाहायचा. बहुतेक जण हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटचा आकडा बघतात आणि अहवाल मिटतात. त्याच कागदावर आणखी एक तक्ता असतो, पांढऱ्या पेशींच्या विभागणीचा. न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल. यातली तीन नावे ‘फिल’ या शब्दाने संपतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आवड. इओसिन हा लालसर रंग जिला आवडतो ती इओसिनोफिल, अल्कधर्मी रंग जिला आवडतो ती बेसोफिल आणि दोन्हींच्या मधला, उदासीन रंग घेते ती न्यूट्रोफिल. म्हणजे या पेशी शरीरात काय काम करतात यावरून त्यांची नावे पडलेली नाहीत. त्यांच्यावर कोणता रंग चढतो यावरून पडली आहेत.

हे बारसे करणारा माणूस होता पॉल एर्लिख. तेव्हा त्याचे वय होते जेमतेम पंचवीस. पुढे सिफिलिसवरच्या औषधामुळे तो जगभर गाजला, प्रतिकारशक्तीच्या संशोधनासाठी त्याला नोबेल मिळाले आणि त्याच्यावर चित्रपटही निघाला. त्या झगमगाटात त्याचे रक्ताचे काम पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींपुरते उरले. पण रोजच्या वापराचा हिशेब केला तर त्याचे हेच काम सर्वांत जास्त टिकले, असे मला वाटते. सिफिलिसचे ते औषध आज कोणी देत नाही. रंगवलेल्या रक्ताची काचपट्टी मात्र तालुक्याच्या प्रयोगशाळेतही रोज सूक्ष्मदर्शकाखाली सरकते. आणि रक्ताच्या कर्करोगाचे जे विरळ, चकवणारे प्रकार आहेत, त्यांच्या निदानाची पहिली कुणकुण बऱ्याचदा याच काचपट्टीवर लागते.

एर्लिखचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी श्ट्रेलेन या गावी झाला. हे गाव तेव्हा प्रशियाच्या सायलेशिया प्रांतात होते, आता ते पोलंडमध्ये आहे. घर सुस्थितीतले ज्यू कुटुंब. वडिलांचा मद्य गाळण्याचा धंदा होता, शिवाय ते लॉटरीचे कामही पाहत. तो दोन वर्षांचा असताना लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा डांबरापासून मलेरियावरचे क्विनीन बनवू पाहत होता. क्विनीन काही बनले नाही, त्याऐवजी हाती लागला झगझगीत जांभळा रंग. त्यातून कृत्रिम रंगांचा प्रचंड उद्योग उभा राहिला आणि तो सर्वांत जोमाने फोफावला जर्मनीत. कापड रंगवण्यासाठी निघालेल्या या रंगांनी शरीरातले ऊतकही रंगवता येतील, हे ज्या थोड्या लोकांच्या लवकर लक्षात आले त्यांत कार्ल वायगर्ट होता. हा पॉलच्या आईच्या नात्यातला, त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठा. सूक्ष्मदर्शक आणि रंगांच्या बाटल्या यांची ओळख पॉलला त्यानेच करून दिली. ती एकदा झाल्यावर मुलाचे बाकी कशातच मन लागेना.

शाळेत तो सामान्य होता. परीक्षेची त्याला धास्ती वाटे. जीवन एक स्वप्न आहे, या विषयावर शालान्त परीक्षेत निबंध लिहायचा होता. त्याने लिहिले की जगणे म्हणजे ऑक्सिडीकरणाची क्रिया आणि स्वप्न म्हणजे मेंदूतली तशीच एक क्रिया. निबंध तपासणाऱ्यांना काव्य हवे होते. त्यांना हे रुचले नाही. वैद्यकीय शिक्षणही त्याने ब्रेसलाऊ, स्ट्रासबर्ग, फ्रायबुर्ग, लाइपझिग असे हिंडत पूर्ण केले. स्ट्रासबर्गला शरीररचनेच्या वर्गात त्याचे टेबल रंगांच्या डागांनी भरलेले असे आणि बोटेही. नशीब असे की तिथले प्राध्यापक वाल्डायर यांनी त्याला हटकले नाही, करू दिले. ब्रेसलाऊला एकदा रॉबर्ट कॉख आले होते, तेव्हा रंगकामात तरबेज पण परीक्षेत कधीच पास न होणारा मुलगा म्हणून एर्लिखची ओळख करून देण्यात आली, अशी आख्यायिका आहे.

पास झाला. १८७८ मध्ये लाइपझिगला त्याने ऊतके रंगवण्याच्या शास्त्रावर प्रबंध लिहिला. त्याच्या डोक्यात एक प्रश्न घर करून बसला होता: एकच रंग एका पेशीला चढतो आणि शेजारच्या पेशीला चढत नाही, असे का? तोवर रंग ही पाहण्याची सोय होती. एर्लिखला त्यात रसायनशास्त्र दिसले. रंगाचा रेणू पेशीतल्या एखाद्या पदार्थाशी जोडला जातो म्हणून तो तिथे टिकतो. तसे असेल तर कोणता रंग कुठे टिकतो यावरून आत काय आहे ते ओळखता येईल. आयुष्यभराचे सगळे काम त्याने या एका विचारातून उपसले.

प्रबंधातच त्याने एका नव्या पेशीचे वर्णन केले. तिच्यात मोठे मोठे कण ठासून भरलेले होते आणि ते अल्कधर्मी रंगाने गडद रंगत, तेही मूळ रंगाहून वेगळ्या छटेत. पेशी चांगली खाऊनपिऊन पुष्ट झाली असावी असे त्याला वाटले, म्हणून जर्मनमधल्या पुष्टीच्या शब्दावरून त्याने तिला मास्ट सेल म्हटले. हा तर्क चुकला. ते कण अन्नाचे नव्हते. त्यांत हिस्टामिनसारखी द्रव्ये असतात आणि अॅलर्जीत ती बाहेर पडतात, हे बऱ्याच काळाने कळले. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

या मास्ट सेलचाही कर्करोग होतो. तो विरळ आहे आणि फसवा आहे. रुग्णाला अंगावर गांधी उठतात, चेहरा लाल होतो, जुलाब होतात, रक्तदाब अचानक कोसळून शुद्ध हरपते. अॅलर्जी म्हणून वर्षानुवर्षे उपचार होऊ शकतात. बहुतेकांमध्ये हा आजार सौम्य राहतो, पण काहींमध्ये तो उग्र होतो आणि त्याचे टोकाचे रूप म्हणजे मास्ट सेल ल्युकेमिया. त्याच्या निदानाची एक कसोटी आजही एर्लिखच्या पद्धतीची आहे: अस्थिमज्जेचा नमुना काचेवर पसरून रंगवायचा आणि पेशी मोजायच्या. शंभरात वीस किंवा अधिक मास्ट सेल निघाल्या तर तो ल्युकेमिया. जोडीला रक्तातल्या ट्रिप्टेज या द्रव्याची पातळी पाहतात आणि ‘किट’ नावाच्या जनुकातला एक ठरावीक बदल शोधतात. त्या बदलावर नेमके काम करणारी औषधे आता मिळतात.

प्रबंध झाल्यावर एर्लिख बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात फ्रेरिक्स यांच्या हाताखाली रुजू झाले. फ्रेरिक्स यांनी या अव्यवहारी तरुणाला वॉर्डातल्या कामाचा फार त्रास दिला नाही. रुग्ण होते, रक्त होते, रंग होते आणि वेळ होता. इथली सात वर्षे त्यांच्या आयुष्यातली सर्वांत सुपीक म्हणावी लागतील.

त्या वेळी ल्युकेमियाबद्दल काय माहीत होते? १८४५ मध्ये बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्खो आणि एडिंबरोमध्ये जॉन ह्यूज बेनेट यांनी जवळजवळ एकाच वेळी अशा रुग्णांचे वर्णन केले होते, ज्यांचे रक्त मरणोत्तर तपासणीत पुवासारखे पांढुरके दिसले. पू नव्हे, रक्तातल्याच पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या आहेत, हे फिर्खो यांनी ओळखले आणि १८४७ मध्ये आजाराला पांढरे रक्त या अर्थाचे ल्युकेमिया हे नाव दिले. कोणाची प्लीहा सुजते, कोणाच्या लसिका गाठी सुजतात, असे दोन प्रकारही त्यांनी केले. पुढे एर्न्स्ट नॉयमन यांनी आजाराचे मूळ अस्थिमज्जेत असू शकते, हे दाखवले. पण प्रकार ठरवायचा तो पोट आणि मान चाचपून, नाहीतर शवविच्छेदनाच्या टेबलावर. जिवंत रुग्णाच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तरी पांढऱ्या पेशी सगळ्या जवळपास सारख्याच दिसत: फिकट, धूसर, काही जरा खडबडीत. कोणती पेशी कुठल्या घराण्यातली, हे सांगणार कसे?

एर्लिख यांनी आधी थेंब नीट पसरवायची पद्धत बसवली. दोन पातळ काचांमध्ये रक्ताचा थेंब दाबायचा, काचा सरकवून अलग करायच्या, पातळ थर वाळू द्यायचा. ओले रंग लावले की पेशी विरघळून जात, म्हणून तो थर तापवून पक्का करायचा. त्यासाठी त्यांनी तांब्याची लांब पट्टी वापरली. एका टोकाला दिवा लावला की दुसऱ्या टोकाकडे उष्णता कमी कमी होत जाते; पट्टीवर कुठे किती तापमान आहे हे द्रवाचे थेंब टाकून, ते कुठवर उकळतात यावरून ठरवायचे आणि योग्य जागी काच ठेवायची. पापड भाजताना आपण आच जोखतो, त्यातलाच हा प्रकार, फक्त फार चोख.

मग रंग. आम्लधर्मी, अल्कधर्मी आणि दोन्ही मिसळून केलेला उदासीन. १८७९ पासूनच्या निबंधांमध्ये त्यांनी दाखवले की पांढऱ्या पेशींतले कण ठरावीक रंगच घेतात आणि त्यावरून त्यांची घराणी पडतात. काही पेशींत असे कणच नसतात, त्या लिम्फोसाइट. गाठींमध्ये वाढणाऱ्या पेशी या दुसऱ्या गटातल्या, तर कणवाल्या पेशी मज्जेतल्या. आता ल्युकेमियाच्या रुग्णाच्या बोटातून काढलेला एक थेंबही बरेच बोलू लागला. रक्तात कणवाल्या पेशींची, त्यांच्या अपक्व भावंडांसह, गर्दी असेल तर आजार मज्जेतल्या पेशींचा; कण नसलेल्या पेशी भरल्या असतील तर लिम्फोसाइटचा. मायलॉइड आणि लिम्फॉइड ही आजही रक्ताच्या कर्करोगाची पहिली विभागणी आहे. मज्जेतल्या जुनाट ल्युकेमियात बेसोफिल वाढतात, ही खूणही त्यांनी नोंदवली. एरवी शंभरात एखादी दिसणारी ही पेशी अहवालात ठळकपणे वाढलेली दिसली की पॅथॉलॉजिस्ट अजूनही सावध होतो.

आपल्याकडे प्रयोगशाळांमध्ये ज्या लीशमन रंगाने काचपट्टी रंगवतात, तो याच वंशातला. भारतात नोकरी केलेले ब्रिटिश लष्करी डॉक्टर विल्यम लीशमन यांनी तो १९०१ मध्ये तयार केला. इओसिन आणि मिथिलीन ब्लू यांची ती जोडी आहे. पेशीचे केंद्रक जांभळे, इओसिनोफिलचे कण नारिंगी, बेसोफिलचे काळपट निळे. काच तीच, रंगांचे तत्त्व तेच.

इओसिनोफिलबद्दल इथे थोडे थांबायला हवे, कारण मराठी घरात ‘इओसिनोफिलिया झालाय’ हे वाक्य सर्दीखोकल्याइतके सहज बोलले जाते. बहुतेक वेळा त्याचे कारण साधे असते. जंत, अॅलर्जी, दमा, एखाद्या औषधाची रिअॅक्शन, क्वचित हत्तीरोगाच्या जंतूंमुळे होणारा खोकला. पण ही सगळी कारणे तपासून झाली, औषधे दिली आणि तरीही इओसिनोफिलचा आकडा दर मायक्रोलिटरला दीड हजारांच्या वर महिनोन्महिने राहिला, तर डॉक्टरांना वेगळा विचार करावा लागतो. या पेशींचे कण हृदयाच्या आतल्या अस्तराला इजा करतात. अशा काही रुग्णांमध्ये हा चक्क रक्ताचा कर्करोग असतो. २००३ मध्ये कळले की यातल्या काहींमध्ये दोन जनुके चुकीची जोडली जाऊन एक नवेच जनुक तयार झालेले असते. हे रुग्ण बहुतेक पुरुष असतात. त्यांना इमॅटिनिब हे गोळीचे औषध अगदी कमी मात्रेतही चांगले लागू पडते. तो बदल शोधला नाही, तर हा माणूस स्टिरॉइड खात राहतो आणि हृदय निकामी होत जाते. वर्षानुवर्षे कारण सापडत नाही म्हणून ज्याला एक मोघम नाव दिले जात होते, त्या ढिगातून बरा होणारा एक गट असा वेगळा निघाला.

शारिटेतल्या त्याच काळात, १८८२ च्या २४ मार्चला, कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. सभागृहात एर्लिख होते. ते घरी गेले ते जंतू अधिक चांगला रंगवायच्या विचारात. वाळायला म्हणून स्लाइड शेगडीवर ठेवल्या होत्या, ती कोणीतरी नकळत पेटवली आणि उष्णतेने जंतू लखलखीत रंगले, अशी गोष्ट सांगितली जाते. गोष्ट असो वा नसो, त्यांची पद्धत कॉख यांनी लगेच मान्य केली. पुढच्याच वर्षी एर्लिख यांचे लग्न झाले. पत्नी हेडविग पिंकस या कापड कारखानदाराच्या कन्या.

१८८५ मध्ये फ्रेरिक्स वारले. नव्या प्रमुखांना संशोधनापेक्षा वॉर्डातली हजेरी महत्त्वाची वाटत होती. एर्लिख यांची घुसमट झाली. त्यातच खोकला सुरू झाला. त्यांनी स्वतःची थुंकी स्वतःच्याच पद्धतीने रंगवली आणि काचेवर क्षयाचे जंतू पाहिले.

नोकरी सोडून १८८८ मध्ये ते पत्नीसह इजिप्तच्या कोरड्या हवेत गेले. पण त्याच वर्षी त्यांनी आणखी एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली, ती इथे सांगायलाच हवी. एक तरुण गर्भवती स्त्री ताप, रक्तस्राव आणि झपाट्याने वाढलेला पांढरेपणा घेऊन आली आणि थोड्याच दिवसांत दगावली. रक्तात नवीन पेशी तयार होत असल्याच्या कोणत्याच खुणा नव्हत्या. शवविच्छेदनात मांडीच्या हाडातली मज्जा लाल असायला हवी, ती पिवळी, निव्वळ चरबीची निघाली. रक्ताचा कारखानाच बंद पडलेला. हे अप्लास्टिक अॅनिमियाचे पहिले वर्णन. तो कर्करोग नव्हे, पण रक्ताच्या कर्करोगाशी त्याची गल्लत होऊ शकते आणि उलटही. १९५८ मध्ये अमेरिकेत बर्था बुरोंकल आणि सहकाऱ्यांनी ज्याचे सविस्तर वर्णन केले त्या हेअरी सेल ल्युकेमियात रक्तातल्या पेशी वाढण्याऐवजी सगळ्याच कमी होतात. मज्जा सुईत ओढली तर काहीच येत नाही. सुकलेल्या विहिरीत बादली सोडल्यासारखे होते. मज्जा संपली, असा समज होणे सोपे. फरक दाखवतात त्या दोन गोष्टी: वाढलेली प्लीहा आणि काचेवर कुठेतरी भेटणारी, कडेला केसासारखे तंतू असलेली लिम्फोसाइट. ती पाहणाऱ्याला दिसली, तर पुढच्या तपासण्या होतात. या आजारात क्लॅड्रिबिनच्या एका आठवड्याच्या उपचारानेही अनेक रुग्ण वर्षानुवर्षे आजारमुक्त राहतात. अप्लास्टिक अॅनिमियाचे उपचार अगदी निराळे. ओळख चुकली की सगळेच चुकले.

इजिप्तहून एर्लिख बरे होऊन परतले, पण नोकरी नव्हती. सासऱ्यांच्या पैशांवर बर्लिनमध्ये एक छोटी खासगी प्रयोगशाळा थाटली. मग कॉख यांनी आपल्या संस्थेत बोलावले. १८९१ मध्ये त्यांनी मिथिलीन ब्लू हा आपला आवडता रंग मलेरियाच्या दोन रुग्णांना औषध म्हणून दिला आणि त्यांना गुण आला. पर्किन मलेरियाचे औषध शोधता शोधता रंगाकडे पोहोचला होता. एर्लिख रंगाकडून मलेरियाच्या औषधाकडे आले. घटसर्पाच्या प्रतिविषाची मात्रा नेमकी कशी ठरवायची, हा प्रश्नही त्यांनी सोडवला. पेशीच्या पृष्ठभागावर खास बाहू असतात, त्यांत विषाचा रेणू कुलपात किल्ली बसावी तसा बसतो आणि असेच बाहू सुटून रक्तात आले की प्रतिपिंडे होतात, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. तपशील पुढे बदलले. पण पेशीवरच्या खास खुणा आणि त्यांना नेमके चिकटणारे रेणू, हा गाभा राहिला. १८९९ पासून ते फ्रँकफुर्टला स्थायिक झाले. १९०८ चे नोबेल त्यांना मेचनिकॉफ यांच्यासह मिळाले. तोंडात सतत चिरूट, खोलीत पुस्तकांचे ढीग, आणि सहकाऱ्यांसाठी रोजच्या कामाच्या सूचना लिहिलेली रंगीत कार्डे, असे त्यांचे चित्र त्या काळातल्या लोकांनी रंगवले आहे.

रंग जर एकाच जंतूला चिकटतो, तर त्याला विष जोडून फक्त जंतू मारता येईल का? या ध्यासातून त्यांच्या प्रयोगशाळेने शेकडो आर्सेनिकयुक्त संयुगे बनवली. आर्सेनिक म्हणजे आपला सोमल. १९०९ मध्ये जपानहून आलेले साहाचिरो हाता यांनी सशांवर घेतलेल्या चाचण्यांत ६०६ क्रमांकाचे संयुग सिफिलिसवर खरे उतरले. १९१० मध्ये ते साल्व्हरसान या नावाने बाजारात आले. त्यावरून कौतुक झाले तशी कोर्टकचेरी आणि ज्यूद्वेषी शिवीगाळही झाली.

त्याच सोमलाची रक्ताच्या कर्करोगातली गोष्ट एर्लिख यांच्या निधनानंतर बऱ्याच काळाने घडली. अॅक्युट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, डॉक्टरांच्या बोलीत एपीएल. नॉर्वेतील लाइफ हिलेस्टाड यांनी १९५७ मध्ये तो वेगळा आजार म्हणून नोंदवला, तेव्हाचे रुग्ण काही आठवड्यांतच रक्तस्रावाने गेले होते. या आजारात न्यूट्रोफिलची एक अपक्व अवस्था तिथेच अडकून पडते आणि बेसुमार वाढते. पेशी कणांनी इतकी गच्च भरते की केंद्रकही झाकले जाते. रक्त गोठण्याची सगळी यंत्रणा विस्कटते. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, पाळीत थांबत नाही असा स्राव, आणि कधी थेट मेंदूत रक्तस्राव.

यात फसगतीची जागा अशी की अनेक रुग्णांमध्ये पांढऱ्या पेशी वाढलेल्या नसतात, कमी असतात. प्लेटलेटही कमी. आपल्याकडे पावसाळ्यात असा अहवाल आला की घरच्यांच्या, आणि घाईत असलेल्या डॉक्टरच्याही मनात पहिले नाव डेंगूचे येते. बहुतेक वेळा ते बरोबरही असते. म्हणूनच यंत्राने दिलेल्या आकड्यांवर न थांबता कोणीतरी काचपट्टी डोळ्यांनी पाहणे महत्त्वाचे. कणांनी भरलेली ती पेशी पाहणाऱ्याला ओळखीची असेल, तर निदानाचा संशय त्याच दिवशी येतो. आणि संशय आल्याबरोबर, जनुकीय अहवालाची वाट न पाहता, ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनवलेले ट्रेटिनॉइन सुरू करायचे, असा आजचा प्रघात आहे. कारण इथे एका रात्रीचा उशीरही जिवावर बेतू शकतो. याचाही एक छुपा उपप्रकार आहे, ज्यात कण इतके बारीक असतात की साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसतच नाहीत. तिथे अनुभवी नजर केंद्रकाच्या विचित्र, दुभंगलेल्या आकारावरून शंका घेते आणि पंधरा व सतरा क्रमांकांच्या गुणसूत्रांची अदलाबदल झाली आहे का, ते तपासून खात्री करते.

ट्रेटिनॉइनचा गुण १९८० च्या दशकात शांघायमध्ये दिसला. सोमलाचा त्याआधी, १९७० च्या दशकात, हार्बिनमध्ये. दोन्ही एकत्र दिले की अपक्व पेशी पक्व होतात किंवा मरतात. नेहमीची केमोथेरपी न देताही बहुसंख्य रुग्ण कायमचे बरे होतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी तर नव्या रुग्णांवर केवळ आर्सेनिकने उपचार करून त्याचे चांगले निष्कर्ष प्रसिद्ध केले आहेत. रक्ताच्या तीव्र कर्करोगांमध्ये एकेकाळी सर्वांत झपाट्याने मारणारा हा प्रकार आज सर्वांत बरा होणाऱ्यांपैकी एक आहे. अट एवढीच की रुग्ण पहिल्या काही दिवसांत ओळखला गेला पाहिजे.

मोठ्या रुग्णालयांत आता काचपट्टीनंतर फ्लो सायटोमेट्री होते. पेशींवरच्या खुणांना चिकटणारी प्रतिपिंडे घ्यायची, त्यांना चमकणारे रंग जोडायचे, रुग्णाच्या रक्तात मिसळायची आणि लेझरच्या झोतातून एकेक पेशी सोडायची. कोणती पेशी कोणत्या रंगाने चमकली यावरून यंत्र तिचे घराणे सांगते. एर्लिख यांनी तरुणपणी रंग हाताळले आणि उतारवयात प्रतिपिंडे. या तपासणीत दोन्ही एकाच नळीत आहेत. ज्या प्रतिपिंडांच्या पाठीवर विषारी औषध बांधून ती थेट कर्करोगाच्या पेशीवर सोडतात, अशी औषधे हॉजकिन लिम्फोमासारख्या आजारांत वापरात आली आहेत.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा एर्लिख थकलेले होते. मधुमेह आणि हृदयविकार जडला होता. २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग येथे त्यांचे निधन झाले. फ्रँकफुर्टच्या ज्यू दफनभूमीत त्यांची समाधी आहे. नाझींनी शहरातल्या रस्त्यावरचे त्यांचे नाव काढून टाकले आणि हेडविग यांना उतारवयात देश सोडावा लागला. युद्धानंतर नाव परत लागले. त्यांनी सुरू केलेली संस्था आज पाउल एर्लिख इन्स्टिट्यूट या नावाने जर्मनीतल्या लसी आणि प्रतिपिंडांपासून बनवलेली औषधे तपासून मंजूर करण्याचे काम करते. युरो येईपर्यंत चलनात असलेल्या दोनशे मार्कांच्या नोटेवर एका बाजूला दाढीवाले, चष्म्यातून पाहणारे एर्लिख होते आणि मागच्या बाजूला सूक्ष्मदर्शक.